मठाच्या ओवरीतला चेंडू

संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकरी ज्या गावाला वंदन करतात ते नरसी हिंगोली जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यातील एका ख्रिस्ती कुटुंबात आम्ही जुलै महिन्यात एके रात्री मुक्कामाला होतो. बाहेर पाऊस लागून राहिला होता आणि घरातील मंडळी जेवणानंतर दूरदर्शन संचासमोर बसली होती. पडद्यावर विम्बल्डनचा सामना चालू होता. सातवी-आठवीत शिकणारी त्या घरची नात बराच वेळ एकटक पाहत होती. मग तिने आम्हांला विचारले, "काका, शून्यानंतर एकदम पंधरा कसे होतात? आणि पंधरा, तीस झाल्यावर पंचेचाळीस का होत नाहीत, चाळीस का होतात?"

आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तेवढ्यात तिचे आजोबा बाजेवरून म्हणाले, "श्रीमंताचा खेळ हाय तो, बाई. आपल्याला काय करायचं त्याचं?"

एकाच मिनिटात दोन प्रश्न पुढे आले. नातीचा प्रश्न नियमांचा होता. आजोबांचा प्रश्न त्याहून अवघड होता. हा खेळ मुळात कोणाचा? त्या रात्री आम्ही जे सांगितले आणि वेळेअभावी जे सांगायचे राहून गेले, ते सारे येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ओवरीत जन्मलेला खेळ

नामदेवांचा काळ इ. स. १२७० ते १३५० असा मानला जातो. आमच्या संतांनी चेंडूफळी, विटीदांडू, हुतूतू, हमामा या खेळांना आपल्या रचनांत मानाने बसविले. ज्या काळात इकडे चंद्रभागेच्या वाळवंटी कीर्तन रंगत होते, त्याच काळात तिकडे फ्रान्समध्ये एक चेंडू भिंतीवर आपटत होता. उत्तर फ्रान्समधील मठांत मध्ये मोकळे अंगण आणि चहूबाजूंनी उतरत्या छपराच्या ओवऱ्या अशी रचना असे. प्रार्थना, अध्ययन आणि श्रम यांतून मिळणाऱ्या थोड्या फुरसतीत मठवासी आणि त्यांच्याकडे शिकणारे विद्यार्थी तेथे चेंडू खेळत. त्या वेळी रॅकेट नव्हती. चेंडू उघड्या तळहाताने मारायचा. म्हणून खेळाचे नावच 'तळहाताचा खेळ', फ्रेंच भाषेत 'ज द पोम', असे पडले. चेंडू कातड्याचा असे आणि त्यात केस किंवा लोकर ठासून भरलेली असे.

पुढे या खेळासाठी खास बंदिस्त दालने बांधण्यात आली, तरीही ओवरीची आठवण पुसली गेली नाही. दालनाच्या बाजूला मुद्दाम उतरते छप्पर ठेवीत आणि पहिला चेंडू त्या छपरावरून घरंगळत प्रतिस्पर्ध्याकडे गेला पाहिजे, असा नियम होता. भिंतीतील झरोकेही तसेच राखले गेले. आजही जगात थोड्या ठिकाणी हा जुना खेळ खेळला जातो आणि त्यात ते छप्पर व ते झरोके कायम आहेत.

चेंडूचा खेळ मठवासीयांच्या मनात किती खोल रुजला होता, याची साक्ष तेराव्या शतकातील एका कथेत सापडते. जर्मनीतील हायस्टरबाख मठाचे सिझेरियस यांनी नवशिक्या मठवासीयांसाठी बोधकथांचा एक मोठा ग्रंथ रचला. त्यात पॅरिसमधील एका मंदबुद्धी विद्यार्थ्याची कथा आहे. सैतानाने दिलेल्या एका दगडाच्या बळावर तो विद्वान होतो, आजारी पडून मरतो आणि त्याचा आत्मा एका भयाण दरीपाशी नेला जातो. दरीच्या दोन्ही काठांवर भुतांच्या रांगा उभ्या असतात. इकडची भुते त्याचा आत्मा चेंडूसारखा फेकतात आणि तिकडची हाताने झेलून परत फेकतात. पुढे तो जिवंत होतो, व्रतस्थ होतो आणि मोरिमोंच्या मठाचा अधिपती बनतो. रोज अंगणात पाहिलेला खेळच कथाकाराने परलोकात नेऊन ठेवला, हे उघड आहे.

धर्माधिकाऱ्यांना मात्र हा नाद नेहमीच रुचला असे नाही. इंग्लंडमध्ये एक्सेटरचे बिशप एडमंड लेसी यांनी १४५१ मध्ये ऑटरी सेंट मेरी येथील चर्चच्या आवारात 'टेनिस' खेळण्यास मनाई केली. खेळताना तोंडून निघणाऱ्या वावग्या शब्दांचा आणि शपथांचा त्यांना विशेष राग होता. पंचाशी हुज्जत घालणारे आजचे खेळाडू पाहिले, म्हणजे बिशपमहोदयांची तक्रार अगदीच अनाठायी नव्हती असे वाटते.

'टेनिस' हा शब्द 'तने' या फ्रेंच उद्गारापासून आला, असे बहुतेक विद्वान मानतात. त्याचा अर्थ 'घ्या'. चेंडू मारण्यापूर्वी समोरच्याला सावध करण्यासाठी खेळाडू तशी हाक देत असे. प्रतिस्पर्ध्याला बेसावध गाठायचे नाही, हा या खेळाचा पहिला संस्कार त्याच्या नावातच राहिला आहे.

पंधरा, तीस आणि चाळीस

आता नातीच्या प्रश्नाकडे वळू. पंधरा-तीसची मोजणी घड्याळाच्या तबकडीवरून आली, असे पुष्कळदा सांगितले जाते. ही उपपत्ती आकर्षक असली तरी तिच्यात एक अडचण आहे: मोजणी जुनी आहे आणि घड्याळावरील मिनिटकाटा तिच्या मानाने नवा आहे. मध्ययुगात साठ ही पूर्णत्वाची संख्या मानीत आणि तिचे चार समान भाग केले की पंधरा येतात. त्या काळच्या नाण्यांच्या हिशेबातही पंधराचा आकडा होता आणि हा खेळ पैजेवर खेळला जाई. म्हणून ही मोजणी पैजेच्या हिशेबातून आली असावी, असे काही अभ्यासक मानतात.

मूळ मोजणीत पंचेचाळीसच होते. धर्मगुरू आणि थोर विद्वान इरॅस्मस यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या लॅटिन संवादांत चेंडूच्या खेळाचाही एक संवाद आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील त्या संवादात मुले तीस आणि पंचेचाळीस असेच गुण मोजतात. पुढे घाईने ओरडताना 'पंचेचाळीस'मधील 'पाच' गळाले आणि 'चाळीस' तेवढे उरले. आमच्या मुलीची शंका गणिताच्या दृष्टीने अगदी रास्त होती.

टेनिसवरील पहिला ग्रंथही एका धर्मगुरूच्या हातचा आहे. इटलीतील सालो गावचे अंतोनियो स्काइनो यांनी १५५५ मध्ये चेंडूच्या खेळावर सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. पंधराची मोजणी का, याची चिकित्सा त्यांनीही केली आहे. तेव्हा हिंगोलीच्या मुलीला पडलेला प्रश्न साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी एका धर्मगुरूलाही पडला होता!

दोघांचेही चाळीस झाले, म्हणजे 'ड्यूस' होतो. तेथून पुढे सलग दोन गुण मिळविल्याखेरीज गेम जिंकता येत नाही. हा नियम फार शहाणपणाचा आहे. एखादा नशिबाचा फटका कोणालाही साधतो. पण लागोपाठ दोन गुण घेण्यास अंगी काही असावे लागते. शिवाय शेवटचा गुण पडेपर्यंत कोणीही पूर्ण हरलेला नसतो. सर्व्हिस करणाऱ्याची पहिली खेप चुकली, तर दुसरी संधी मिळते. तीही दवडली, तर मात्र दोष पदरी येतो.

राजवाड्याच्या भिंती

मठातील हा खेळ लवकरच राजवाड्यात गेला. फ्रान्सचा राजा दहावा लुई १३१६ मध्ये व्हँसेन येथे दमेपर्यंत खेळला, वर थंडगार मद्य प्याला, आजारी पडला आणि वारला. अकराव्या लुईने १४८० मध्ये फर्मानच काढले की, चेंडूत चांगली लोकरच भरावी. वाळू, खडू, राख किंवा भुसा भरून गिऱ्हाइकाला फसवू नये. रॅकेट पंधराव्या शतकाच्या अखेरीस व सोळाव्याच्या आरंभी प्रचारात आली. १५०६ मध्ये कास्तीलचा राजा फिलिप इंग्लंडमधील विंडसरच्या किल्ल्यात डॉर्सेटच्या मार्क्विसबरोबर खेळला. राजाच्या हाती रॅकेट होती आणि मार्क्विस हाताने खेळत होता. म्हणून राजाने त्याला प्रत्येक डावात पंधरा आधीच देऊ केले, अशी नोंद आहे.

स्त्रियाही यात मागे नव्हत्या. १४२७ मध्ये हेनो प्रांतातून मार्गो नावाची एक तरुणी पॅरिसला आली. ती तळहाताने आणि उलट्या हातानेही असे फटके मारी की, भलेभले पुरुष तिच्यापुढे हरत. पॅरिसच्या एका रहिवाशाने तिचे कौतुक आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे.

परंतु आजोबांच्या प्रश्नाचे मूळही याच काळात आहे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री स्वतः टेनिसचा शौकीन होता. त्याच्याच राजवटीत १५४१ मध्ये कायदा झाला की कारागीर, उमेदवार, नोकर आणि मजूर यांनी टेनिससारखे खेळ खेळू नयेत. त्यांना सवलत होती ती नाताळची, आणि तीही मालकाच्या घरी किंवा त्याच्या देखत. ज्या चेंडूला केवळ तळहात पुरत होता, त्याच्याभोवती आता कायद्याची भिंत उभी राहिली.

त्याच भिंतींना इतिहासाने एकदा वेगळेच काम दिले. २० जून १७८९ रोजी व्हर्सायमध्ये फ्रान्सच्या सामान्य जनतेच्या प्रतिनिधींना सभागृहाचे दरवाजे बंद आढळले. ते जवळच्या टेनिसच्या दालनात शिरले आणि राज्यघटना निर्माण झाल्याखेरीज पांगायचे नाही, अशी शपथ त्यांनी तेथे घेतली. फ्रेंच राज्यक्रांतीतील ही प्रसिद्ध 'टेनिस कोर्टाची शपथ'. राजाच्या विरंगुळ्याच्या दालनात प्रजेने आपला हक्क उच्चारला.

हिरवळीवर आणि छावण्यांत

आजचे टेनिस हिरवळीवर घडले. त्यासाठी दोन साधनांची गरज होती. १८३० मध्ये एडविन बडिंगने गवत कापण्याचे यंत्र शोधले आणि पुढील दशकात चार्ल्स गुडइयरने गंधकाच्या साह्याने रबर टिकाऊ बनविण्याची कृती काढली. गवत सपाट झाले आणि त्यावर उसळणारा चेंडू मिळाला. बर्मिंगहॅममध्ये हॅरी जेम आणि त्यांचे स्पॅनिश मित्र ऑगुरिओ पेरेरा १८५९ च्या सुमारास हिरवळीवर असा खेळ खेळू लागले होते. पुढे मेजर वॉल्टर विंगफिल्ड यांनी फेब्रुवारी १८७४ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि जाळे, खांब, रॅकेटी, चेंडू व नियमांची पुस्तिका एका पेटीत घालून ती पाच गिनींना विकायला काढली. त्यांचे मैदान मध्ये चिंचोळे, वाळूच्या घड्याळासारखे होते.

तो आकार टिकला नाही. १८७७ मध्ये लंडनजवळ विम्बल्डन येथील क्रोके क्लबने पहिली स्पर्धा भरविली, तेव्हा मैदान आयताकृती झाले: ७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद. एकेरीसाठी हेच माप आजही आहे; दुहेरीसाठी रुंदी ३६ फूट असते. जाळे मध्यभागी ३ फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट असते. मोजणीसाठी जुन्या ओवरीतले पंधरा-तीसच परत स्वीकारण्यात आले. पहिल्या स्पर्धेत बावीस पुरुषांनी नावे दिली आणि स्पेन्सर गोर विजयी ठरले. स्त्रियांची एकेरी १८८४ मध्ये सुरू झाली. मॉड वॉटसन पहिल्या विजेत्या होत. १९०० मध्ये डेव्हिस करंडक सुरू झाला, १९१३ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि हळूहळू साऱ्या जगाचे नियम एक झाले. १९७० मध्ये अमेरिकन स्पर्धेत टायब्रेक आला आणि संपता न संपणाऱ्या सेटना आळा बसला.

विंगफिल्ड यांची पेटी इंग्रज अधिकाऱ्यांच्या सामानातून हिंदुस्थानात आली. त्या काळी हिंगोली निजामाच्या राज्यात होती आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी नांदत होती. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी ही फौज १९०३ मध्ये हिंदी लष्करात विलीन झाली. टेनिस आणि त्याची धाकटी बहीण बॅडमिंटन यांचा या देशात प्रसार झाला तो अशा छावण्यांतून आणि साहेबांच्या क्लबांतून. बॅडमिंटनला तर आरंभी 'पूना' असेच नाव होते. १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतच त्याला नियमांचे रूप मिळाले. मात्र अनेक क्लबांची दारे हिंदी माणसाला बंद होती. चेंडू आणून द्यायला मात्र हिंदी पोरे चालत. पुण्याचा डेक्कन जिमखाना (१९०६) यासारख्या एतद्देशीयांच्या संस्था निघाल्या, तेव्हा आपल्या लोकांना हक्काचे मैदान मिळू लागले.

१९२१ मध्ये हिंदुस्थान डेव्हिस करंडकात प्रथमच उतरला आणि पहिल्याच लढतीत त्याने फ्रान्सला हरविले. ज्या देशात या खेळाचा उगम झाला, त्याच देशाचा हा पराभव होता! मराठवाडा ज्या संस्थानात होता, त्या हैदराबादच्या सय्यद मोहम्मद हादी यांनी १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये टेनिस खेळून दाखविले. ते इतके खेळ खेळत की, लोक त्यांना इंद्रधनुष्याची उपमा देत. रणजी करंडकातील पहिले शतकही त्यांचेच. १९३४ मध्ये मुंबईच्या लीला राव विम्बल्डनमध्ये सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. 'वेदार्थयत्न'कार शंकर पांडुरंग पंडित यांच्या त्या नात. त्यांच्या आई पंडिता क्षमा राव संस्कृतात काव्य लिहीत आणि स्वतःही टेनिसपटू होत्या.

न खेळलेला अंतिम सामना

या इतिहासातील आम्हांला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग १९७४ चा आहे. मद्रासचे विजय आणि आनंद अमृतराज हे कॅथलिक घरातील बंधू तेव्हा भारतासाठी खेळत होते. त्या वर्षी भारताने कलकत्त्यात ऑस्ट्रेलियाला आणि पुण्यात सोव्हिएत संघाला नमविले आणि डेव्हिस करंडकाच्या अंतिम फेरीत प्रवेश केला. समोर दक्षिण आफ्रिका होती. त्या देशात तेव्हा वर्णभेद हा राज्याचा कायदा होता. कातडीच्या रंगावरून माणसाची वस्ती, शाळा आणि मैदान ठरत असे. भारताने त्या संघाशी खेळण्यास नकार दिला. करंडक न खेळताच दक्षिण आफ्रिकेला मिळाला.

भारत याआधी १९६६ मध्ये आणि नंतर १९८७ मध्येही अंतिम फेरीत पोहोचला, परंतु करंडक आजवर हाती आलेला नाही. १९७४ ची संधी सर्वांत जवळची होती. खेळाडूचे उमेदीचे दिवस थोडे असतात. त्या तरुणांनी काय गमावले हे त्यांनाच ठाऊक. तरीही जेथे सर्वांना मैदान खुले नाही, तेथे करंडकाचे मोल उतरते, हे त्या नकाराने जगाला सांगितले. १५४१ च्या कायद्याला मिळालेले हे एक उशिराचे उत्तर होते, असे आम्ही समजतो.

मैदान हळूहळू खुले होत गेले. अमेरिकेतील शेतमजुरी करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेल्या अल्थिया गिब्सन यांनी १९५७ मध्ये विम्बल्डन जिंकले. १९६८ पासून हौशी आणि व्यावसायिक हा भेद मोठ्या स्पर्धांतून गेला, म्हणजे खेळून पोट भरणाऱ्यालाही तेथे मानाने उभे राहता येऊ लागले. गोव्यातील असोळणा येथे जन्मलेले डॉ. वेस पेस (१९४५-२०२५) १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचे कांस्यपदक मिळविणाऱ्या संघात होते. त्यांचे पुत्र लिअँडर यांनी १९९६ मध्ये अटलांटा येथे टेनिस एकेरीत कांस्यपदक मिळविले. १९५२ मध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत पदक आणले होते. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी भारताला मिळालेले हे वैयक्तिक पदक. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले यांनी रोहन बोपण्णा यांच्यासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. २०२४ मध्ये विजय अमृतराज आणि लिअँडर पेस हे दोघेही टेनिसच्या आंतरराष्ट्रीय कीर्तिमंदिरात एकाच दिवशी दाखल झाले.

आजोबांचे म्हणणे आम्ही खोडून काढू इच्छीत नाही. रॅकेट महाग आहे, चांगले मैदान दूर आहे आणि शिकविणारा त्याहून दूर आहे. मराठवाड्यातील शेतकरी घरातील मुलीला विम्बल्डनचे गवत दिसते ते पडद्यावरच. परंतु खेळ श्रीमंतांचा झाला तो नंतर. त्याची सुरुवात झाली तेव्हा दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या माणसांचे अंगण आणि त्यांचे तळहात एवढेच भांडवल होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावसाने उघडीप दिली. अंगणाची माती ओलसर होती. नातीने आमच्याकडून माप विचारून घेतले. अठ्ठ्याहत्तर फूट काही अंगणात मावेनात, म्हणून तिने ते पावलांनी निम्मे केले आणि काठीने रेघा ओढल्या. कडुलिंबाच्या बुंध्याला आणि गोठ्याच्या खांबाला चऱ्हाट बांधून जाळे झाले. रबरी चेंडू घरात होताच. पलीकडे उभे राहायला कोणी नव्हते, तेव्हा तिने आजोबांना हात धरून आणले. ते कुरकुरत उभे राहिले. तिने चेंडू उंच धरला आणि रात्री ऐकलेली हाक दिली, "आबा, घ्या!"

चेंडू चऱ्हाटावरून गेला, एकदा उसळला आणि आबांनी तो उघड्या तळहाताने परत धाडला.